दोन ऋणे आणि एक शाळा

मुलुंड असो वा बोरिवली, घाटकोपरचे पंतनगर असो वा अंधेरीची पूर्व बाजू, शाळाप्रवेशाचे दिवस जवळ आले की पालकांच्या बैठकीत एक प्रश्न हटकून निघतो, आणि तो असा की, आपल्या विभागातली महापालिकेची शाळा, किंवा जिच्यात आपण स्वतः शिकलो ती अनुदानित मराठी शाळा, पूर्वीसारखी राहिली आहे काय. कोणी म्हणतो, पट घसरला. कोणी म्हणतो, बाई चांगल्या आहेत, पण त्यांना वर्गात राहू कोण देतो, मतदारयाद्या नि जनगणना त्यांच्याच माथी. कोणी सेमी इंग्रजीची तुकडी निघाली तरच विचार करू म्हणतो. आणि एखादी आई, जिच्यापुढे दुसरी वाटच नाही, ती हे सारे मुकाट्याने ऐकत राहते. हा वाद वरवर पाहता शिक्षणखात्याच्या कारभाराचा आहे, आणि तसा तो आहेही. परंतु त्याच्या तळाशी एक धर्मविषयक प्रश्न दडलेला आहे. माझ्या मुलाच्या हिताचा आणि शेजारच्या मुलाच्या हिताचा जेथे विरोध येतो, किंवा येतो असे मला वाटते, तेथे माझे कर्तव्य कोणते?

ज्या गोष्टीविषयी हा वाद चालला आहे ती आपल्याकडे आली कोठून, हे आधी पाहिले पाहिजे, कारण आपल्या पिढीला सार्वजनिक शाळा नळाच्या पाण्यासारखी आयती मिळाली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जी कैफियत मांडली, तिचा गाभा असा होता की, सरकारी तिजोरीत जमा होणारा महसूल रयतेच्या श्रमांतून येतो आणि खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो; म्हणून प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे व्हावे. त्या मागणीची दाद लागायला फार काळ गेला. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यापासून प्रारंभ करून १९०६ मध्ये ही सक्ती सर्व संस्थानात लागू केली. नामदार गोखल्यांनी १९११ साली आणलेले विधेयक पुढच्याच वर्षी फेटाळले गेले. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीचा हुकूम काढला आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरवला. मुंबई शहरासाठी १९२० साली कायदा झाला. आजची उपनगरे त्या वेळी मुंबईच्या हद्दीत नव्हती. महापालिकेची हद्द १९५० साली जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आणि १९५७ साली दहिसर व मुलुंडपर्यंत सरकली, आणि प्राथमिक शिक्षणाची तिची जबाबदारीही तितकीच पसरली. विलेपार्ल्यास मात्र लोकमान्यांच्या निधनानंतर अवघ्या वर्षभरात, १९२१ साली, तेथील रहिवाशांनीच पार्ले टिळक विद्यालय उभे केले होते. म्हणजे उपनगरांतल्या शाळा दोन वाटांनी आल्या, एक कायद्याने आणि दुसरी लोकांच्या वर्गणीने. आणि दोन्ही वाटांवर ज्यांनी कष्ट घेतले त्यांच्यापैकी पुष्कळांची स्वतःची मुले त्या शाळांत शिकणार नव्हती.

शाहू महाराजांच्या त्या एक रुपयाच्या दंडावर क्षणभर थांबावेसे वाटते. मुलाचे शिक्षण ही केवळ पालकाच्या मर्जीची बाब नाही, त्या मुलावर समाजाचाही काही हक्क पोचतो, आणि समाजावर त्या मुलाचा त्याहून मोठा हक्क पोचतो, अशी एक गंभीर भूमिका त्या दंडामागे होती. त्या काळी राज्यसंस्थेला संशय होता तो पालकाविषयी, की हा पोराला शेतात धाडील, गुरांमागे धाडील, शाळेत धाडणार नाही. आज संशय उलटला आहे. पालक शाळेच्या दारात उत्सुकतेने उभा आहे, आणि ह्या शाळेत माझ्या मुलाचे वाटोळे तर होणार नाही ना, असे तो राज्यसंस्थेला विचारतो आहे. हा पालट अनिष्ट म्हणता येणार नाही. फुल्यांनी ज्याची आस धरली होती ती शिक्षणाची भूक आता खरोखरच घरोघर लागली आहे.

पण दर्जा घसरला, म्हणजे नेमके काय घसरले? महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू व कन्नड अशा आठ माध्यमांतून चालतात. दप्तर, गणवेश, वह्या, छत्री यांसह सत्तावीस शालोपयोगी वस्तू मुलांना मोफत मिळतात. दुपारचे जेवण मिळते. काही वर्षांपूर्वी टॅबही वाटले गेले. एवढी सामग्री पन्नास वर्षांपूर्वी कोणत्या शाळेत होती? तरीही पालक म्हणतात की, मूल पाचवीत पोचले तरी त्याला धड वाचता येत नाही, आणि जेथे हे खरे असते तेथे सत्तावीस वस्तूंनी त्याची भरपाई होत नाही. कित्येक इमारती धोकादायक ठरवून रिकाम्या केल्या जातात आणि मुले दूरच्या शाळेत पाठवली जातात. ती परत कधी येणार याची मुदत कोणी सांगत नाही. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. त्या अवधीत नगरसेवक नव्हते, म्हणून शिक्षण समितीही नव्हती, आणि उपनगरातल्या एखाद्या शाळेच्या गळक्या छताची गोष्ट सभागृहात उभे राहून विचारणारा कोणीही लोकनियुक्त माणूस उरला नव्हता. ह्या तक्रारी खऱ्या आहेत. त्या करणाऱ्या पालकास कुरकुऱ्या समजणे अन्यायाचे होईल.

याखेरीज दर्जा ह्या शब्दाच्या आडोशाने आणखी एक गोष्ट बोलली जाते, आणि ती सौम्यपणे सांगण्याची माझी इच्छा नाही. शाळेत शिकवतात कसे, यापेक्षा माझ्या मुलाच्या शेजारी बाकावर बसते कोण, याचा हिशेब पुष्कळ घरांत केला जातो. ज्या काळाची आठवण काढून आमच्या वेळची शाळा राहिली नाही असे म्हटले जाते, त्या काळी उपनगरांतल्या ह्या वर्गांत कारकुनाचा मुलगा, गिरणीकामगाराची मुलगी, पोस्टमनचा, कंपाउंडरचा आणि कधी शिक्षकाचाही मुलगा एकत्र बसत असे. आज तेथे बसतात ती घरकाम करणाऱ्या बाईची, रिक्षावाल्याची, नाक्यावर उभे राहून काम मिळवणाऱ्या मजुराची मुले. ही मुले पूर्वीच्या मुलांपेक्षा कमी बुद्धीची नाहीत. फरक पडला आहे तो असा की, मुख्याध्यापकांना भेटून विचारणारी, वॉर्डात अर्ज देणारी, वर्तमानपत्राला पत्र लिहिणारी घरे त्या शाळेतून निघून गेली आहेत.

आल्बर्ट हर्शमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या एका लहानशा ग्रंथात हाच व्यापार फार स्पष्टपणे उलगडून दाखवला आहे. संस्था बिघडू लागली की माणसापुढे दोन मार्ग असतात, सोडून जाणे आणि आवाज उठवणे. आणि ज्यांना गुणवत्तेची चाड सर्वांत अधिक असते, ज्यांनी आवाज उठवला असता तर तो ऐकलाही गेला असता, तेच जर सर्वांत आधी सोडून गेले, तर मागे उरलेल्या संस्थेची सुधारण्याची शक्तीच त्यांच्याबरोबर निघून जाते. सार्वजनिक शाळांचे उदाहरण त्याने स्वतःच दिले आहे. म्हणजे शाळा खालावते आहे असा निवाडा देणारा पालक हा केवळ साक्षीदार नसतो. त्याचे जाणे हाही त्या खालावण्याचा एक भाग असतो. पट उतरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून पदे मंजूर होताना, शिक्षकाचे पद जाते, एक शिक्षक अतिरिक्त ठरून दुसरीकडे समायोजित होतो, दोन इयत्ता एका वर्गात बसतात, आणि ते पाहून आणखी चार पालक दाखले मागायला येतात. जो शेवटी जातो त्याला दर्जा खरोखरच घसरलेला दिसतो. जो पहिल्यांदा गेला त्याला तो तितका घसरलेला दिसला होता काय, हा प्रश्न मात्र त्याने स्वतःच्या मनाशी कधी विचारलेला नसतो.

महापालिकेने ह्याला एक उत्तर शोधले आहे. २०२० पासून तिने काही शाळा मुंबई पब्लिक स्कूल ह्या नावाने केंद्रीय व अन्य मंडळांच्या अभ्यासक्रमाच्या केल्या, त्यांत जोगेश्वरीच्या पूनमनगरची शाळा पहिल्यांपैकी होती, आणि तेथे अर्ज इतके आले की प्रवेशासाठी सोडत काढावी लागली. पालक महापालिकेच्या नावाला विटलेले नव्हते, एवढे त्यावरून सिद्ध झाले, आणि याचे मला समाधान आहे. पण एकाच महापालिकेच्या छत्राखाली, कधी एकाच रस्त्यावर, एक शाळा सोडतीची आणि दुसरी उरलेल्यांची अशी विभागणी होऊ लागली, तर बाहेरची पायरी आपण आत आणून ठेवली असे होईल. चिठ्ठी निघाली नाही अशा मुलाला आपण काय उत्तर देणार आहोत?

कायद्याच्या बळाने हा गुंता सोडवावा, असेही काहींस वाटते. १८ ऑगस्ट २०१५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने असा आदेश दिला होता की, सरकारी तिजोरीतून वेतन घेणारे अधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळांतच घालावीत. त्याची अंमलबजावणी प्रत्यक्षात झाली नाही, तरी त्यातला तर्क सामान्य माणसाला तत्काळ पटला. उलट बाजूने आपल्या राज्यातही एक प्रसंग आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने नियम बदलून, ज्या खाजगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा आहे तिला गरीब व वंचित मुलांसाठीच्या पंचवीस टक्के राखीव जागांच्या बंधनातून मोकळे केले, आणि त्याविरुद्ध पालक न्यायालयात गेले. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरवला. गरीब पालकालाही निवडीचा हक्क हवा आहे, आणि तो मागण्यात त्याचे काही चुकले नाही. जी निवड मध्यमवर्गाने न विचारता केली, ती मजुराने केली की सार्वजनिक शाळेच्या भवितव्याची चिंता करायची, हा न्याय नव्हे.

येथे विचार खरा कठीण होतो. पालकाने आपले मूल तत्त्वासाठी पणाला लावावे काय? ह्या प्रश्नाला जो माणूस सर्वांत प्रामाणिकपणे सामोरा गेला, त्याचे उदाहरण आपल्यापुढे आहे. १८९७ साली गांधीजी दर्बानला उतरले तेव्हा त्यांच्याबरोबर दोन मुले आणि एक भाचा होता. गोऱ्यांच्या मुलांसाठी असलेल्या शाळांत त्यांना घालणे मेहेरबानीच्या वाटेने शक्य होते. पण इतर हिंदी मुलांना जे दार बंद आहे ते आपल्या मुलांसाठी अपवाद म्हणून उघडून घेणे त्यांना मान्य झाले नाही. पुढे त्यांनी मुलांना घरीच जमेल तसे शिकवले. आत्मकथेत त्यांनी हेही लिहून ठेवले आहे की, त्या शिक्षणाविषयी मुलांच्या मनात तक्रार राहिली. थोरल्या हरिलालचे दुःख तर सर्वश्रुत आहे. ज्याने स्वतःचे सर्वस्व तत्त्वाला दिले त्याचा अधिकार मोठा. पण मुलाचे बालपण हे पित्याचे सर्वस्व नव्हे, ते मुलाचे स्वतःचे आहे, आणि दुसऱ्याचे दान करण्याचा अधिकार कोणत्याही धर्माने कोणालाही दिलेला नाही. गांधीजींविषयी अपार आदर बाळगूनही मला वाटते की, ज्या आईला आपले मूल अमुक शाळेत कोमेजते आहे असे डोळ्यांनी दिसते, तिने शाळेसाठी त्याला तेथेच ठेवावे, असा उपदेश करणे अधर्म होय.

मग काय, प्रत्येकाने आपापले पाहावे, इतकेच का उरले? तेही नाही, आणि याचे कारण आपल्या परंपरेने फार जुन्या काळी ओळखलेले आहे. महाभारताच्या युद्धात धृतराष्ट्राचा दोष पुत्रप्रेमाचा होता असे आपण सहज म्हणतो, पण पुत्रावर प्रेम करणे हा दोष कसा ठरेल? गीतेच्या पहिल्याच श्लोकात तो संजयाला विचारतो तेव्हा आपली मुले आणि पांडूची मुले असे दोन गट तो करून टाकतो. जी मुले त्याच्याच छत्राखाली वाढली, ज्यांचा तो राजा म्हणून पालक होता, ती त्याच्या ममत्वाच्या बाहेर राहिली. पित्याच्या प्रेमाने राजाचे कर्तव्य गिळले, येथे त्याचे आंधळेपण आहे. लोकशाहीत प्रत्येक पालक थोडा थोडा राजाही असतो. तो कर भरतो, मत देतो, आणि त्याच्या मताने जो कारभार चालतो त्यात त्याच्या घराबाहेरच्या मुलांचाही वाटा असतो. राजेपण टाळून नुसते पितृत्व पत्करणे त्याला शक्य नाही.

तैत्तिरीय संहितेत सांगितले आहे की, माणूस जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो: देवांचे ऋण यज्ञाने फिटते, पितरांचे ऋण प्रजेने फिटते, आणि ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने, म्हणजे विद्येच्या आराधनेने, फिटते. मूळ वचनात हे ब्राह्मणाविषयी म्हटले आहे, आणि विद्येची दारे पुढे किती जणांना बंद राहिली हे महाराष्ट्रात कोणास सांगावयास नको. म्हणून ऋषी कोण, हे आपण पुन्हा ठरवले पाहिजे. ज्यांनी १८४८ साली पुण्यास मुलींची शाळा काढली आणि रस्त्यातून जाताना अंगावर शेणगोळे झेलले त्या सावित्रीबाई, त्यांच्याबरोबर शिकवणाऱ्या फातिमा शेख, रयतेच्या पोरांसाठी वसतिगृहे उभारणारे कर्मवीर भाऊराव पाटील, ही आपली ऋषिपरंपरा. जुन्या ऋषींपेक्षा तिचे ऋण आपल्यावर अधिक स्पष्ट आहे, कारण ते ऋण नसते तर आपल्यापैकी बहुतेकांच्या आजीला सही करता आली नसती.

आता ह्या तीन ऋणांतील दोन आपण एकत्र मिसळून टाकली आहेत, आणि आजच्या वादाची मुख्य गफलत मला तेथे दिसते. आपल्या मुलाला वाढवावे, शिकवावे, मार्गाला लावावे, हे पितृऋण. ते फेडताना प्रत्येकाने आपल्या बुद्धीप्रमाणे, ऐपतीप्रमाणे, योग्य वाटेल ती शाळा निवडावी. परंतु विद्येचे ऋण हे निराळे खाते आहे. ते ज्यांच्याकडून घेतले त्यांनी आपल्याला पुत्र म्हणून शिकवले नव्हते. परक्याच्या मुलांना त्यांनी विद्या दिली. म्हणून ते फिटते तेही परक्याच्या मुलापाशीच. चांगल्या शाळेत आपला मुलगा घातला, त्याच्या शिकवणीचे पैसे भरले, तो इंजिनिअर झाला, एवढ्याने पितृऋणाची पावती मिळते. ऋषिऋणाच्या खात्यावर त्यातला एक पैसाही जमा होत नाही. सुशिक्षित मध्यमवर्ग आयुष्यभर पहिल्या खात्यात भरणा करून दुसरे खाते बंद झाले अशा समजुतीत राहतो. शतपथ ब्राह्मणाने तर चौथे ऋण सांगितले आहे, मनुष्यांचे. पण त्यात न शिरताही आपल्यापुढची बाकी पुरेशी मोठी आहे.

हे मान्य केले की वादाचे स्वरूप पालटते. मूल कोठे घालावे हा प्रश्न पालकाच्या विवेकावर सोपवता येतो, त्याला दोषी न ठरवता; पण मूल काढून घेतल्यावर त्या शाळेशी आपला संबंध संपला, हे मात्र मान्य करता येत नाही. उलट, ज्याने मूल काढले त्याच्यावर शाळेचे देणे वाढते, कारण त्याच्या जाण्याने तिचा आवाज क्षीण झाला. शिक्षणहक्काच्या कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत व्यवस्थापन समितीची तरतूद केली. तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे त्यात आहे, आणि शाळेचा विकास आराखडा करणे व अनुदानाच्या खर्चावर देखरेख ठेवणे हे त्या समितीचे अधिकार आहेत. किती शाळांत ही समिती खऱ्या अर्थाने बसते? जी आई सकाळी सहाला चार घरांची धुणीभांडी करायला निघते तिची सही इतिवृत्ताच्या वहीत घेतली जाते, पण आराखडा म्हणजे काय हे तिला समजावून सांगायला कोणी बसत नाही. आणि ज्या निवृत्त मुख्याध्यापकाला, बँकेतल्या अधिकाऱ्याला, वकिलाला ते दहा मिनिटांत समजावता आले असते, तो त्याच रस्त्यावरच्या इमारतीत राहतो, पण त्याच्या नातवाची बस दुसऱ्याच शाळेला जाते.

त्याने समितीवर जावे असे मी म्हणत नाही. कायद्याने ती जागा पालकांची आहे आणि ती त्यांच्याकडेच राहावी. पण पालकांनी बोलावले तर त्यांच्या शेजारी बसायला कायद्याची आडकाठी नाही. दर शनिवारी तासभर तिसरी-चौथीच्या मुलांना वाचायला बसवायला, मुख्याध्यापकांची संमती घेऊन, कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. इमारत धोकादायक ठरली तर तिचा संरचनात्मक अहवाल कोणी केला, त्याच भूखंडावर शाळाच पुन्हा उभी राहणार काय, आणि तोवर पहिलीतल्या मुलाने हमरस्ता ओलांडून किती चालायचे, हे लेखी विचारायला मूल त्या शाळेत असण्याची अट नाही. नागरिक असणे पुरते. उपनगरात जमिनीला सोन्याचा भाव आला असताना शाळेच्या आवाराकडे कोणाचे लक्ष आहे, हे ज्यांना समजते त्यांनी गप्प बसणे मला अक्षम्य वाटते.

दर्जा घसरला आहे, हे वाक्य उच्चारण्याचा पहिला अधिकार ज्या आईचे मूल आज त्या वर्गात बसले आहे तिचा. तिला ते अर्जाच्या भाषेत मांडता येत नसेल, तर ती सांगेल ते तिच्याच शब्दांना धरून लिहून काढावे, महापालिकेच्या टी विभागाच्या असो वा के पूर्व विभागाच्या, प्रशासकीय अधिकाऱ्याच्या कार्यालयात तिच्याबरोबर जावे, पोच घ्यावी, आणि महिन्याने उत्तर आले नाही तर पुन्हा जावे. खाली सह्या करताना तिच्या नावाखाली त्यांचीही नावे यावीत, ज्यांची मुले तेथे कधीच शिकली नाहीत.